किळस मोजण्याची इटालियन प्रश्नावली

कोणाला किती किळस येते हे मोजण्यासाठी हाइट, मॅकॉली आणि रोझिन या मानसशास्त्रज्ञांनी १९९४ मध्ये ३२ विधानांची मापनश्रेणी अमेरिकेत तयार केली. २००७ मध्ये तिच्या सुधारित आवृत्तीत २५ विधाने उरली. नासलेल्या दुधाचा वास, कचऱ्यातल्या मांसावर वळवळणाऱ्या अळ्या, बरणीत जतन केलेला माणसाचा हात, अशा प्रसंगांना शून्य ते चार गुण द्यायचे असतात.

अशी प्रश्नावली इटलीत प्रमाणित करताना, म्हणजे ती तिथेही किळसच मोजते का हे तपासताना, खरी कसोटी लागते ती विधानांच्या आशयाची. सार्डिनिया या इटालियन बेटावर जिवंत अळ्यांसह खाल्ले जाणारे ‘कासू मार्झू’ हे चीज विकण्यास कायद्याने मनाई असली, तरी तिथल्या कित्येकांना ते आवडते. त्यामुळे अन्नातल्या अळ्यांविषयीचे एखादे विधान तिथे आणि मिलानमध्ये एकच गोष्ट मोजते, असे गृहीत धरता येत नाही. (सफरचंद सुरी-काट्याने खाणारा माणूस सुधारित श्रेणीत केवळ उत्तरे लक्षपूर्वक दिली आहेत का हे तपासण्यासाठी आहे, इटलीत तो निव्वळ शिष्टाचार ठरेल!)

घटक विश्लेषण (कोणती विधाने एकत्र गटात पडतात हे पाहणे) आणि पुनर्चाचणी (त्याच लोकांना काही काळाने पुन्हा विचारणे) हे नेहमीचे सोपस्कार आवश्यकच आहेत, परंतु माझ्या मते निर्णायक पुरावा वेगळाच असतो: किळसेच्या गुणांचा संबंध सर्वसाधारण चिंता किंवा खिन्नतेपेक्षा अस्वच्छतेच्या धास्तीने वारंवार हात धुण्याच्या प्रवृत्तीशी अधिक घट्ट दिसला पाहिजे. तसे न झाल्यास ती प्रश्नावली किळस नव्हे, तर नुसती अस्वस्थताच मोजत असण्याची शक्यता उरते.