पारदर्शक पिशवीतला तुकडा

रविवार, रात्र

जुने कागद आणि ग्रंथ जपण्याविषयीची परिषद संपून दोन दिवस झाले. बॅग रिकामी झाली, मिळालेली अठरा व्हिजिटिंग कार्डे टेबलावर मांडून झाली, तरी मन एकाच जागी अडकून पडले आहे. दुसऱ्या दिवशी दुपारच्या चहाच्या वेळी एका तरुण मुलीशी बोलत असताना माझी नजर तिच्या खांद्यावरून पलीकडे गेली आणि ते तिच्या लक्षात आले. घडले ते एवढेच. "मॅडम, तुम्हाला त्यांच्याशी बोलायचं असेल ना? तुम्ही जा, मी नंतर भेटते," असे ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर मला आज इतके अस्वस्थ वाटले नसते.

तिच्या तळहातावर एक लहानशी पारदर्शक पिशवी होती आणि तिच्यात नखाएवढा, गडद पिवळा पडलेला कागदाचा तुकडा होता. त्यावर अर्धे अक्षर शिल्लक होते. त्यांच्या ग्रंथालयातल्या जुन्या वृत्तपत्रांचे बांधीव खंड उघडले की पानांचा असा चुरा हातात येतो, म्हणून ते वाचकांना देणे त्यांनी बंद केले आहे. आधी स्कॅनिंग करावे की आधी कागदातली आम्लता काढून घ्यावी, असा तिचा प्रश्न होता. तिने आधी दोघांना विचारले होते आणि दोघांनीही तिला एखाद्या कंपनीला फोन करायला सांगितले होते.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लाकडाच्या लगद्याचा स्वस्त कागद सर्रास वापरात आला. त्यावर शाई पसरू नये म्हणून तुरटी आणि राळ यांचे जे मिश्रण वापरले जाई, त्यातून कागदात आम्ल तयार होते आणि ते तंतूंना आतून तोडत राहते. माझी तीन वर्षे या एका गोष्टीमागे गेली आहेत. आम्लता काढल्याने पुढची झीज मंदावते, पण गेलेली ताकद परत येत नाही. म्हणून जो कागद आताच तुटतो आहे, त्याचे स्कॅनिंग आधी व्हायला हवे. यातले पहिले वाक्य मी तिला सांगितले. दुसरे सुरू केले आणि तेवढ्यात अनुदान समितीवरचे ते गृहस्थ दारापाशी एकटे उभे असलेले दिसले.

ते माझ्या यादीत तिसरे होते. परिषदेच्या आदल्या रात्री मी पाच नावांची यादी केली होती, प्रत्येकाला काय विचारायचे तेही लिहून ठेवले होते. यात काही गैर होते असे मला अजूनही वाटत नाही. तीन दिवसांच्या गर्दीत तयारीशिवाय गेले, की माणूस ओळखीच्या चार लोकांतच घुटमळून परत येतो, हे मी स्वतःच्या अनुभवावरून जाणते. कोलंबिया विद्यापीठाच्या पॉल इंग्राम आणि मायकेल मॉरिस यांनी २००७ मध्ये याविषयीचे एक संशोधन प्रसिद्ध केले आहे. एका मेळाव्यात त्यांनी सुमारे शंभर अनुभवी व्यावसायिकांना इलेक्ट्रॉनिक बिल्ले लावून कोण कोणाशी बोलते ते पाहिले. नव्या लोकांना भेटणे हाच आपला हेतू असल्याचे बहुतेकांनी आधी सांगितले होते. प्रत्यक्षात ते आधीपासून ओळखीच्या असलेल्यांकडेच जास्त ओढले गेले.

मला मात्र यंदा ओढले जाण्यासाठीसुद्धा कोणी नव्हते. ताई आल्या नव्हत्या. पहिल्या संध्याकाळी मी हातातला कप दोनदा भरून घेतला, मोबाइलमध्ये काही नसताना तो पाहत राहिले आणि भिंतीवरचे एक पोस्टर शेवटच्या संदर्भापर्यंत वाचून काढले. तीन-तीन, चार-चार जणांची वर्तुळे होती आणि त्यातले एकही माझ्यासाठी उघडत नव्हते. सर समोरून गेले तेव्हा त्यांनी पाहिले नाही, की पाहून न पाहिल्यासारखे केले, कोण जाणे. ते राहू दे. त्या संध्याकाळी खोलीवर जाताना आपण या क्षेत्रात इतकी वर्षे काढली ती कोणाच्या खिजगणतीत तरी आहेत का, असे वाटून गळा दाटून आला होता.

आज पुन्हा पुन्हा मनात येते ते असे, की त्या संध्याकाळी मी ज्यासाठी तळमळत होते, ते दुसऱ्या दिवशी दुपारी माझ्यापाशी आपल्या पायांनी चालत आले होते. कोणीतरी मला शोधत आले होते. तिला माझा प्रबंध माहीत होता, सकाळच्या सत्रात मी विचारलेला प्रश्न तिने वहीत टिपून घेतला होता. आणि मी दाराकडे पाहत होते.

त्या गृहस्थांपर्यंत मी पोहोचले तेव्हा ते फोनवर बोलू लागले होते. मी दोन मिनिटे थांबले, ते मान हलवून आत निघून गेले. मी मागे वळले तर पुढच्या सत्राची घंटा झाली होती आणि टेबलापाशी कोणी नव्हते.

हॅरिसन ओवेन नावाच्या अमेरिकन गृहस्थांविषयी मी पूर्वी वाचले होते. वर्षभर खपून त्यांनी एक परिषद भरवली आणि शेवटी लोकांनी सांगितले, की सर्वांत उपयोगाचे काही असेल तर ती चहा-कॉफीची सुट्टी. त्यातून १९८५ मध्ये त्यांनी आधीपासून ठरवलेली भाषणे नसलेल्या, खुल्या परिषदेची पद्धत सुरू केली. तिच्यात दोन पायांचा एक नियम आहे: जिथे तुम्ही काही शिकतही नाही आणि काही देतही नाही, तिथून आपल्या पायांनी उठून दुसरीकडे जावे. हा नियम मला नेहमी आवडत आला आहे. कंटाळवाण्या सत्रातून बाहेर पडताना मी त्याचा आधारही घेतला आहे. त्या दुपारी मात्र मी देत होते, आणि तरी माझे पाय निघाले. त्या दालनात इतर कोणाला देण्यासारखे माझ्याजवळ काही असेल वा नसेल, त्या मुलीला देण्यासारखे नक्की होते.

मनाची समजूत घालण्यासाठी एक गोष्ट हाताशी आहे. अनोळखी माणसाशी बोलून झाल्यावर समोरच्याला आपण जितके आवडलो, त्यापेक्षा कमी आवडलो असे लोकांना वाटत राहते, असे २०१८ मधल्या एका अभ्यासात दिसले आहे. म्हणजे कदाचित तिला तेवढे लागले नसेल. पण हा दिलासा मला घेता येत नाही. तो संभाषण पूर्ण करणाऱ्यांसाठी आहे. मी पाहिले ते तिने मूठ मिटून ती पिशवी ओढणीआड नेली तेवढेच, आणि त्याचा अर्थ लावायला अभ्यास लागत नाही.

आज दुपारी मार्क ग्रॅनोव्हेटर यांचा १९७३ चा लेख पुन्हा काढला. ओळखी वाढवण्याविषयी बोलणारे सगळे त्याचाच दाखला देतात आणि मीही यादी करताना तोच मनात धरला होता. ओळखीतून नोकरी मिळालेल्यांना त्यांनी विचारले, की जिच्याकडून माहिती मिळाली ती व्यक्ती तेव्हा तुम्हाला किती वेळा भेटत असे. सुमारे १७ टक्के लोकांनी वारंवार असे सांगितले, जवळपास ५६ टक्क्यांनी अधूनमधून, तर २८ टक्क्यांनी क्वचितच. यावरून मी असा धडा घेतला होता, की दूरच्या आणि वजनदार माणसांना गाठावे. 'वजनदार' हा शब्द त्या लेखात नाही, तो मी घातला. तिथे आहेत ते जुने सहकारी, कॉलेजातले परिचित, योगायोगाने पुन्हा भेटलेले लोक. कोणी कोणाला हेरून गाठलेले नाही. इतकी वर्षे हा लेख मी अर्धाच वाचला होता, असे म्हणायला हवे.

हे लिहिता लिहिता आता जरा शांत वाटते आहे. दहा वर्तुळांत सहज शिरून दहा जणांना हसवणे मला जमत नाही, आणि या वयात ते जमावे असा हट्टही उरलेला नाही. एका माणसाशी एका विषयावर अर्धा तास नीट बोलणे मला जमते. पुढच्या वेळी यादी करीनच, पण पाच नावांऐवजी दोन नावांची करीन, आणि दुपारचा चहा मोकळा ठेवीन.

मात्र तिचे नाव मला माहीत नाही. गळ्यातला बिल्ला उलटा फिरला होता आणि मी विचारले नाही. म्हणून जेवणानंतर सहभागींची यादी काढून बसले. ग्रंथालय शंभरी ओलांडलेले आहे आणि खंडांच्या खोलीत दुपारचे ऊन थेट येते, एवढे ती बोलता बोलता म्हणाली होती. त्या वर्णनात बसतील अशा तीन संस्था सापडल्या. तिघींनाही एकच पत्र लिहिले: दुपारच्या चहाच्या वेळी पारदर्शक पिशवी घेऊन भेटलेल्या आपल्या सहकारी बाईंना हे कृपया द्यावे. माझे बोलणे अर्धवट टाकून गेल्याबद्दल क्षमा मागितली, स्कॅनिंग आधी का करावे ते दीड पान लिहिले, आणि जो प्रश्न तिथेच उभ्या उभ्या विचारायला हवा होता, तो शेवटी विचारला. तो तुकडा पानाच्या कडेचा होता, की शिवणीजवळचा? उजेडाने आणि हवेने कडा आधी करपतात, आतला मजकूर अजून तग धरून असू शकतो. पण शिवणीजवळ पान तुटत असेल तर तो खंड पूर्ण उघडू नका, माझे उत्तर येईपर्यंत तसाच आडवा ठेवा.