दुसऱ्याचं मूल, माझी सीट

बाकफिट्स, म्हणजे पुढे पेटी असलेल्या सायकलींसाठी मी लहान मुलांच्या सीट हातानं बनवते. त्या का आणि कशाच्या भरवशावर, हे तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. प्रश्न पहिल्यांदा विचारला तो माझ्या आईनं, पुण्याहून, फोनवर. "अगं, स्वतःच्या पोरीसाठी केलंस ते ठीक. पण दुसऱ्याचं मूल तू कुणाच्या भरवशावर त्या पाटावर बसवतेस?" गेली सहा वर्षं तोच प्रश्न वेगवेगळ्या तोंडून ऐकते आहे. शाळेच्या फाटकाशी भेटणाऱ्या डच आया तो आडून आडून विचारतात. इथे नेदरलँड्समध्ये, आइंडहोवनला राहणारी आपली मंडळी सरळ विचारतात, "कंपनीची तयार सीट मिळते, टेस्ट केलेली. मग तुमची का घ्यायची, आणि ती टिकेल कशावरून?" उभ्याउभ्या मी दोन वाक्यं बोलते आणि घरी आल्यावर वाटत राहतं की नीट सांगितलं नाही.

ज्यांनी बाकफिट्स पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडं. पुढे मोठी लाकडी पेटी असलेली ही मालवाहू सायकल. पूर्वी नेदरलँड्समध्ये पाववाले, दूधवाले तीन चाकांच्या बाकफिट्सवर माल पोचवायचे. मुलं त्या पेटीत बसायला लागली ती फार नंतर. कोपनहेगनच्या क्रिस्टियानिया वस्तीत, जिथे मोटारी चालत नाहीत, तिथे लार्स एंगस्ट्रम यांनी १९८४ मध्ये आपल्या जोडीदार ॲनी लेर्के यांना वाढदिवसाला पुढे पेटी असलेली तीनचाकी बनवून दिली. ती पाहून शेजाऱ्यापाजाऱ्यांनी मागितली आणि त्यातून धंदा उभा राहिला. वाढदिवसाच्या भेटीतून सुरू झालेली ही गोष्ट मला फार आवडते. नेदरलँड्समध्ये २०००च्या सुमारास दोन चाकांची लांब बाकफिट्स आली. हँडल आणि पुढचं चाक यांच्या मधे पेटी, पेटीत आडवं बाकडं, बाकड्याला पट्टे. आता शाळेच्या वेळेला आमच्या गल्लीत अशा दहा-बारा तरी जातात.

माझी मुलगी अडीच वर्षांची असताना आम्ही जुनी बाकफिट्स घेतली. इथले लोक मुलांना सहसा हेल्मेट घालत नाहीत, आम्ही घालायचो. पहिल्याच आठवड्यात पाळणाघरातून परत येताना ती पेटीत झोपली. सिग्नलला थांबले तेव्हा घोरण्यासारखा बारीक आवाज आला. वाकून बघते तर हनुवटी छातीला टेकलेली. बाकड्याची पाठ खालपासून वरपर्यंत सपाट होती आणि हेल्मेटचा मागचा फुगवटा त्या फळीला टेकून डोकं पुढे ढकलत होता. जागी असताना ती मान सावरून धरायची, झोपेत कोण सावरणार? एवढ्या लहान मुलाची मान अशी मुडपली की श्वासाची वाट अरुंद होऊ शकते. मी हेल्मेट काढलं, एका हातानं तिचं डोकं धरलं आणि उरलेला रस्ता सायकल ढकलत आले.

त्या रात्री तिला भिंतीला पाठ लावून उभं केलं, हेल्मेटसकट. खांद्यापासून खाली पाठ भिंतीला लागायला हवी तर डोक्यामागे किती जागा लागते ते पट्टीनं मोजलं. साडेतीन सेंटिमीटर. सगळी सीट त्या साडेतीन सेंटिमीटरमध्ये होती. पाठ खांद्यापर्यंत तेवढी पुढे आणायची आणि डोक्यामागे मोकळं सोडायचं. १२ मिलीमीटरचं बर्च प्लाय, त्यावर पाणी न पिणारा बंद पेशींचा फोम, त्यावर होड्यांच्या छतांना वापरतात तसलं ॲक्रिलिक कापड. दोन्ही बाजूंना झोपलेलं डोकं अडेल असे पंख. मी भोसरीला जिग-फिक्श्चरच्या कारखान्यात सहा वर्षं काम केलंय, वस्तू हलू न देता धरायची कशी हेच तिथे शिकले. ती सीट पाहून शेजारणीनं आपल्या जुळ्यांसाठी दोन मागितल्या. बाकीचं तसंच वाढत गेलं. आतापर्यंत ४१ झाल्या.

म्हणजे "तयार असताना हातची का" याचं पहिलं उत्तर हे, की बहुतेकांना हातची लागत नाही, आणि मी ते सांगतेही. फोन करणाऱ्या चारांपैकी दोघांना तरी मी दुकानात पाठवते. माझ्याकडे यावं ते ज्यांचं मूल तयार मापात बसत नाही त्यांनी. एक मुलगा आला होता चार वर्षांचा, ज्याचं धड त्याला फार वेळ तोलता येत नाही. त्याची फिजिओथेरपिस्ट सोबत आली. मी जमिनीवर बसून मापं घेतली, ती सांगत होती की आधार काखेखाली किती हवा, कुठे नको, मांड्या किती उघड्या राहायला हव्यात. तीनदा पुठ्ठ्याची सीट केली, त्यानंतर लाकडाची. तोवर तो शाळेत मोटारीनं जायचा. आता बहिणीशेजारी पेटीत बसून जातो आणि दोघं भांडतात, असं त्याच्या आईनं कळवलंय. एवढ्यासाठी मी हे काम करते, यात लपवण्यासारखं काही नाही.

आता भरवशाचं. सीट म्हटलं की लोक गादी दाबून बघतात. मी म्हणते, खाली वाका आणि बोल्ट बघा. पट्टा मुलाला धरतो, पण पट्ट्याला कोण धरतं? हे मला शिकवलं क्रमांक ९ च्या सीटनं.

त्या सीटच्या आईचा निरोप आला की पट्टा किंचित सैल वाटतोय. मला वाटलं बकल सरकत असेल. गेले, पट्टा हातानं ओढला, तर पट्टा घट्ट होता आणि बोल्टच हलला. उघडून पाहिलं. ६ मिलीमीटरचा बोल्ट, त्याखाली छोटं वायसर, आणि ते वायसर प्लायमध्ये जवळजवळ दोन मिलीमीटर रुतलेलं. मी फळीच्या कडांना इपॉक्सी, म्हणजे सुकल्यावर टणक होणारी आणि पाणी अडवणारी राळ, लावलं होतं, भोकांच्या आतून लावलं नव्हतं. पावसाचं पाणी भोकातून प्लायच्या थरांत शिरलं, लाकूड फुगलं, मऊ पडलं आणि इथल्या विटांच्या रस्त्यांच्या थरथरीनं वायसर आत आत जात राहिलं. सीट निखळली नव्हती, निखळायला बराच काळ लागला असता. पण पोटात जो गोळा आला तो अजून आठवतो. तशाच पद्धतीच्या सात सीट लोकांच्या घरी होत्या. त्याच संध्याकाळी सातही घरी लिहिलं की उद्यापासून वापरू नका, मी न्यायला येते. काय चुकलंय तेही लिहिलं, फोटोसकट. दहा दिवसांत सातही परत आणल्या.

तेव्हापासून पट्ट्याचा भार लाकडावर टाकायचा नाही हा कानाला खडा. पाठीमागे ३ मिलीमीटरची स्टेनलेस पट्टी असते, पट्ट्याचे सगळे बोल्ट तिच्यातून जातात आणि ती पट्टी सायकलच्या स्वतःच्या लोखंडी आडदांडीला बांधलेली असते. लाकूड मुलाला फक्त आकार देतं. भोक आधी मोठं पाडायचं, इपॉक्सीनं भरायचं, सुकल्यावर त्यातून पुन्हा नेमकं पाडायचं, म्हणजे बोल्टचे आटे लाकडाला शिवतच नाहीत. पट्टा ज्या खाचेतून बाहेर येतो तिच्या कडा कानशीनं गोल मारायच्या, नाहीतर तीच कड वर्षभरात पट्टा कुरतडते. खाच खांद्याच्या उंचीला किंवा बोटभर वर, खाली कधीच नाही, कारण खालून आलेला पट्टा खांद्यावर दाब देतो आणि मूल वाकून बसतं. मूल वाढतं म्हणून खाचांच्या तीन जोड्या. पायांमधला पट्टा आयांना नको असतो, मुलांना चढवताना त्रास होतो म्हणून. तो मी काढून देत नाही. त्याच्याशिवाय मूल झोपेत खाली घसरतं आणि छातीचा पट्टा गळ्याशी येतो. पट्टे आणि बकल मी स्वतः शिवत नाही, प्रमाणित जोड विकत घेते. स्वतःच्या शिलाईवर माझा विश्वास आहे, पण मूल जिथे तोललं जातं तिथे ती हजारदा ओढून पाहिलेली असायला हवी आणि तेवढं यंत्र माझ्याकडे नाही.

माझ्याकडे जे आहे ते असं: प्रत्येक नवी सीट बसवली की तिच्यात दहा-दहा किलोच्या तांदळाच्या दोन पिशव्या पट्ट्यानं बांधते आणि कालव्याकाठच्या सर्वांत खडबडीत विटांच्या रस्त्यावर तासभर फिरवते. मुद्दाम ब्रेक दाबते, मुद्दाम सायकल आडवी करते. बाकफिट्स बहुतेकदा अशीच पडते, वेगात नाही तर थांबताना, तोल जाऊन, आणि तेव्हा मूल पेटीच्या आत राहायला हवं. परत आले की सगळे बोल्ट उघडून बघते. ही प्रयोगशाळेची चाचणी नव्हे. मी तसं म्हणतही नाही.

२०२४ च्या फेब्रुवारीत इथल्या ग्राहक-सुरक्षा खात्यानं एका मोठ्या कंपनीच्या बाकफिट्सची विक्री थांबवली, कारण फ्रेम मोडण्याचा धोका होता. हजारो घरांतल्या सायकली एका दिवसात दाराशी उभ्या राहिल्या. त्या आठवड्यात मला फोन आले, "बघा, कंपनीचंही असं असतं." मला त्यात आनंद वाटला नाही. कारखान्याचं चुकतं तसं माझंही चुकलं होतं. विचारण्यासारखं एवढंच की चुकलं हे कळायला किती वेळ लागला, कळल्यावर काय केलं आणि वस्तू कुणाकडे आहेत याची यादी होती का. माझ्या प्रत्येक सीटखाली क्रमांक, तारीख, माझं नाव आणि पत्ता कोरलेला असतो. १३ डिसेंबर २०२४ पासून युरोपात उत्पादन-सुरक्षेचा नवा नियम लागू झाला, त्यात असं मागोवा घेता येणं सक्तीचं आहे. माझी वही क्रमांक १ पासूनची आहे.

काही गोष्टी मी करत नाही, त्यावरूनही रुसवे होतात. मागच्या कॅरिअरवर बसणाऱ्या सीट नाही. त्यांच्यासाठी ईएन १४३४४ हे युरोपीय मानक आहे, ९ ते २२ किलोच्या मुलांसाठी, आणि ती परीक्षा दिलेल्या सीट दुकानात आहेत, त्याच घ्या. बसता न येणाऱ्या बाळांसाठीही नाही. लांब कॅरिअरच्या सायकलसाठी बाकडं करते, पण पाय चाकापासून पूर्ण झाकणार असाल तरच. चाकात पाय गेलेलं मूल आपल्याकडे प्रत्येकानं लहानपणी पाहिलंय. आपल्या साडीगार्डसारखं कोट अडकू नये म्हणून चाकाला लावायचं आवरण इथल्या सायकलींना असतं, पण ते मऊ असतं, चिमुकल्या टाचेला पुरत नाही. इथला कायदाही आठ वर्षांखालच्या मुलाला पाठ, हात आणि पाय तिन्हींना आधार मागतो. पाय त्यात आहेत, हे लोक विसरतात.

पुण्याहून मावसभावानं विचारलं, स्कूटरला करून दे. नाही म्हणाले. १५ फेब्रुवारी २०२३ पासून आपल्याकडे नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलाला दुचाकीवर नेताना हार्नेस आणि हेल्मेट लागतं, ते घे आणि चाळीसच्या वर जाऊ नकोस, एवढंच सांगितलं. त्याला आठवत होती ती आमच्या चेतकवरची वेताची खुर्ची. बाबांनी बुरूड आळीतून आणलेली, पाय ठेवतात तिथे बाबांच्या गुडघ्यांच्या मधे उभी करायची. मलाही आठवते. वेताचा पावसात येणारा वास, बाबांच्या शर्टाची बटणं डोक्यामागे, आणि समोर सगळा लक्ष्मी रोड. विणकर काय हाताचा असेल, बारा वर्षांत एक टाका सुटला नाही. पण तिला पट्टा नव्हता. सीट करताना ती खुर्ची माझ्या मनात असते, तिचा वेत आणि तिच्यात नसलेला पट्टा, दोन्ही.

पैशांचं विचारता म्हणून: सामान ११० युरोचं, वेळ सोळा तास, किंमत ३६०. हल्ली महिन्याला एक, फार तर दोन होतात. घर यावर चालत नाही, नवऱ्याच्या पगारावर चालतं. घाईनं जास्त करायच्या म्हटलं तर ते भोकं भरून सुकायला ठेवणं पहिलं सुटेल, हे मला माहीत आहे.

गेल्या आठवड्यात क्रमांक ४ परत आली. मूल मोठं झालं, आता स्वतःची सायकल चालवतं. ही त्या सातांपैकीच एक, पट्टी नंतर बसवलेली. शेडमध्ये दिवा ओढून घेतला आणि पाना लावून सगळे बोल्ट सोडवले. भोकाभोवतीचं लाकूड नखानं दाबून पाहिलं, कोरडं आणि टणक होतं. कापड उन्हानं फिकट झालंय, ते बदलेन. पट्टे दिसायला चांगले होते, बकलही नीट वाजत होतं. पाच वर्षं ऊन खाल्लेले म्हणून ते मधोमध कापले, म्हणजे कुणी चुकून पुन्हा लावणार नाही, आणि वहीत तिच्या नावापुढे नवे पट्टे मागवल्याची तारीख लिहिली.