हे सगळं जातं कुठे?

गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये आई गुहागरहून माझ्याकडे फिनलंडला, तुर्कूला आली, तेव्हा तिला स्टॉकहोमची जहाजसफर घडवायची हे मी आधीच ठरवून ठेवले होते. वायकिंग लाइन या ओलंड बेटांवरच्या कंपनीचे ‘वायकिंग ग्रेस’ हे जहाज रात्री तुर्कूहून निघते आणि सकाळी स्टॉकहोमला पोचते. 218 मीटर लांबीचे आणि 2,800 प्रवाशांची सोय असलेले हे जहाज म्हणजे एक तरंगते हॉटेलच आहे. खोल्या, उपाहारगृहे, दुकाने, नाचगाणे असे सगळे त्यावर असते, आणि कंपनीच्या उत्पन्नाचा मोठा वाटा तिकिटांपेक्षा या खाण्यापिण्यातून आणि खरेदीतूनच येतो. आईने डेकवरून सूर्यास्त पाहिला, बुफेमधला सामन मासा तिखटाशिवायही आवडीने खाल्ला आणि केबिनमध्ये आल्यावर बाथरूममधून बाहेर येत मला विचारले, “पाणी वाटीभरसुद्धा पडलं नाही आणि फस्सकन सगळं ओढून घेतलं. हे सगळं जातं कुठे गं? खाली समुद्रातच ना?”

मला उत्तर अर्धेच येत होते. पुढचे दोन महिने मी त्या प्रश्नाच्या मागे लागले. कंपन्यांच्या पर्यावरण अहवालांत इंधनाची आकडेवारी ठळक असते आणि संडासाचा उल्लेख कुठेतरी मागे असतो. मला मात्र आता वाटते की प्रवासी जहाजाची पर्यावरणनिष्ठा तपासायची असेल, तर आईच्या प्रश्नापासूनच सुरुवात करावी.

त्यासाठी आधी बाल्टिक समुद्र समजून घ्यायला हवा. आई वाशिष्ठीच्या खाडीकाठची असल्यामुळे तिला ‘मचूळ पाणी’ एवढे दोनच शब्द पुरले. बाल्टिकची सरासरी खोली जेमतेम 55 मीटर आहे. त्याला नद्यांचे गोडे पाणी भरपूर मिळते, पण महासागराशी त्याचा संबंध डेन्मार्कजवळच्या अरुंद सामुद्रधुन्यांपुरताच आहे, त्यामुळे आतले पाणी पूर्णपणे बदलायला सुमारे तीस वर्षे लागतात. आपल्याकडे मोठी भरती आली की खाडी धुऊन निघते. इथे भरती-ओहोटी जवळजवळ नाहीच, म्हणून जे आत पडले ते आतच राहते. शेतातून आणि गटारांतून आलेले फॉस्फरस आणि नायट्रोजन पाण्यात साठत जातात आणि उन्हाळ्यात निळ्या-हिरव्या शैवालाचे थर पसरतात. आम्ही निघालो त्याच आठवड्यात तुर्कूजवळच्या एका किनाऱ्यावर या शैवालामुळे लहान मुलांना आणि कुत्र्यांना पाण्यात उतरू देऊ नका, असा फलक लागला होता. मेलेले शैवाल तळाशी जाऊन कुजते, कुजताना प्राणवायू संपवते, आणि तळाच्या मोठ्या पट्ट्यांत मासा जगू शकत नाही. शेतीतून येणाऱ्या खतांच्या मानाने जहाजांच्या मलपाण्याचा वाटा लहान आहे, हे खरे. पण शेकडो शेतकऱ्यांची शेते सुधारायला पिढ्या लागतात आणि जहाजाचा नळ मात्र एका निर्णयाने बंद होऊ शकतो.

तो निर्णय इथे फार आधी झाला. फॉस्फरस आणि नायट्रोजन ही पोषकद्रव्ये काढून न टाकलेले मलपाणी प्रवासी जहाजांनी बाल्टिकमध्ये सोडू नये, हा आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेचा नियम नव्या जहाजांना 1 जून 2019 पासून आणि बहुतेक जुन्या जहाजांना 1 जून 2021 पासून लागू झाला. वायकिंग लाइनची जहाजे त्याच्या कितीतरी आधीपासून आपले सांडपाणी बंदरात उपसून देत होती. यात एक बारकावा आहे आणि तो मला महत्त्वाचा वाटतो. नियमातली बंदी संडासाच्या पाण्यापुरती आहे. अंघोळीचे, स्वयंपाकघराचे आणि धुण्याभांड्यांचे पाणी तिच्यात येत नाही. हॉटेल चालवणाऱ्या जहाजावर नेमके हेच पाणी सर्वांत जास्त असते आणि त्यात साबण, तेल व अन्नाचे कण असतात. ही कंपनी ते पाणीही किनाऱ्यावर देते. नियमाने न मागितलेली गोष्ट एखादी कंपनी वर्षानुवर्षे मुकाट्याने करत असेल, तर तिच्या इतर बोलण्यावर माझा थोडा अधिक विश्वास बसतो.

आईने पाहिलेले ‘फस्स’ हे याच साखळीचे पहिले टोक आहे. हवेच्या दाबावर चालणाऱ्या त्या संडासाला एका वेळी लिटरभर पाणी पुरते, घरातल्याला त्याच्या कितीतरी पट लागते. पाणी कमी म्हणून टाकी लहान, आणि टाकी लहान असली तरी पुढच्या बंदरापर्यंत पुरते. मात्र टाकीत तुंबून राहिलेल्या घट्ट मलपाण्यातून हायड्रोजन सल्फाइड तयार होतो, आणि त्या वायूपासून बनणारे आम्ल शहराच्या काँक्रीटच्या गटारनळ्या खाऊन टाकते. म्हणजे जहाजाने समुद्र वाचवला, तरी त्याची झळ बंदराला आणि नगरपालिकेला सोसावी लागते. दोघांनी मिळून व्यवस्था केली तरच हे निभते.

पैशाची व्यवस्थाही मला शहाणपणाची वाटली. बाल्टिकच्या बंदरांत सांडपाणी आणि कचरा देण्याचे शुल्क बंदरशुल्कातच धरलेले असते. जहाजाने सांडपाणी दिले काय किंवा न दिले काय, पैसे भरावेच लागतात. त्यामुळे रात्रीच्या अंधारात ते समुद्रात सोडून काही वाचत नाही. मोठमोठ्या घोषणांपेक्षा शुल्काची अशी एक साधी मांडणी अधिक काम करते, असे माझे मत झाले आहे.

परतीच्या सफरीत आम्ही संध्याकाळी तुर्कूला उतरलो, तेव्हा मी आईला घाईने बाहेर न नेता खिडकीपाशी थांबवले. खाली धक्क्यावर पिवळे जाकीट घातलेल्या एका माणसाने मनगटापेक्षा जाड नळी उचलली, जहाजाच्या कुशीतल्या झडपेला जोडली, पिळून घट्ट केली आणि दोन पावले मागे सरून जोडाकडे टक लावून पाहिले. थेंबही गळला नाही. मग त्याने हात वर करून आतल्या माणसाला खूण केली आणि नळी किंचित थरथरली. या जहाजाला इथे जेमतेम तासभर मिळतो. तेवढ्या वेळात शेकडो गाड्या उतरून नव्या चढतात, खोल्यांतल्या चादरी बदलल्या जातात आणि उरलेल्या अन्नाचे पिंप खाली उतरते. नळीवाल्याकडे बघणारे त्या गर्दीत आम्ही दोघीच होतो.

पिंपांबद्दल थोडे सांगायलाच हवे, कारण बुफे हे या धंद्याचे काळीज आहे. ताटात हवे तेवढे घ्या म्हटल्यावर माणूस हवे त्याहून जास्त घेतो, आणि आधी शिजवून मग टाकलेले अन्न हे पर्यावरणाचे दुहेरी नुकसान असते. बाल्टिकमध्ये किनाऱ्यापासून 12 सागरी मैलांपलीकडे बारीक दळलेले उष्टे-खरकटे समुद्रात सोडायला नियमाची हरकत नाही. इथे मात्र ते वेगळे काढून किनाऱ्यावर बायोगॅस करण्यासाठी दिले जाते. हे चांगलेच आहे, तरी बायोगॅस ही दुसरी पायरी झाली. आधी अन्न उरूच नये, हे पाहायला हवे. आपल्या लग्नांच्या पंगतीत वाढपी आग्रह करत फिरत, पण ‘पानात टाकू नका’ असे दटावणारी एखादी आजीही तिथे असे. बुफेला ती आजी नाही.

आता इंधनाविषयी. ‘ग्रेस’ 2013 च्या जानेवारीत तुर्कूच्या गोदीतून बाहेर पडले, तेव्हा द्रवरूप नैसर्गिक वायूवर, म्हणजे एलएनजीवर चालणारे ते जगातले पहिले मोठे प्रवासी फेरीजहाज होते. स्टॉकहोममध्ये ‘सीगॅस’ नावाची छोटी इंधननौका त्याला येऊन बिलगते आणि प्रवासी चढत-उतरत असतानाच वायू भरते. गंधकाचे उत्सर्जन त्यामुळे जवळजवळ संपले, काजळी गेली आणि कार्बन डायऑक्साइडही सुमारे पाव हिश्श्याने घटला. बाल्टिकमध्ये इंधनातील गंधकाची मर्यादा 2015 पासून 0.1 टक्क्यावर आली. हे जहाज त्याच्या दोन वर्षे आधीच तयार होते. पण एलएनजी म्हणजे मुख्यतः मिथेन, आणि इंजिनात न जळता त्याचा थोडा भाग धुराड्यातून निसटतो. मिथेन शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 28 ते 30 पट, आणि वीस वर्षांच्या हिशेबात 80 पटींहून अधिक उष्णता धरून ठेवतो. त्यामुळे ‘स्वच्छ इंधन’ हा शब्द इथे मी वापरणार नाही. हवेसाठी ते स्वच्छ आहे, हवामानासाठी ते फार तर मधला टप्पा आहे. त्याच टाकीत आणि त्याच इंजिनात बायोगॅस चालतो, ही त्यातली खरी आशा. प्रवाशाला तिकिटाबरोबर जास्तीचे पैसे भरून आपल्या वाट्याचे इंधन जैविक करून घेण्याची सोयही कंपनीने दिली आहे, पण हा भार प्रवाशाच्या सदिच्छेवर ठेवणे मला पटत नाही. युरोपीय संघाने 2024 पासून जहाजांच्या उत्सर्जनावर शुल्क लावले. पहिल्या वर्षी 40 टक्के, 2025 साठी 70 आणि 2026 पासून पूर्ण 100 टक्के उत्सर्जनाचे पैसे मोजावे लागतात. हा मार्ग अधिक न्याय्य आहे.

वाऱ्याचा प्रयोगही याच जहाजावर झाला. 2018 मध्ये डेकवर 24 मीटर उंच आणि 4 मीटर रुंद असा एक उभा फिरता खांब बसवला होता. वारा त्यावर आदळला की फिरण्यामुळे एका बाजूला दाब कमी होतो आणि जहाजाला पुढे रेटा मिळतो. वर्षाला 900 टनांपर्यंत कार्बन डायऑक्साइड वाचेल, अशी तेव्हा अपेक्षा होती. 2021 मध्ये तो खांब काढून टाकला गेला, आणि ‘वायकिंग ग्लोरी’ या नव्या जहाजासाठी योजलेले दोन खांबही बसले नाहीत. बेटांच्या दाटीतून वळणे घेत जाणाऱ्या मार्गावर वारा एका दिशेने मिळत नाही, हे आमच्यासारख्या प्रवाशालाही डेकवर उभे राहिले की कळते. प्रयोग फसला म्हणून मी कंपनीला नावे ठेवणार नाही. बसवताना जेवढा गाजावाजा झाला, तेवढ्याच मोकळेपणाने काढतानाचे हिशेबही प्रवाशांपुढे मांडायला हवे होते, एवढेच माझे म्हणणे आहे.

मला अधिक भावतात ती न दिसणारी कामे. ‘ग्रेस’वर इंजिनांच्या वाया जाणाऱ्या उष्णतेपासून वीज बनवतात. ‘ग्लोरी’वर उणे 162 अंशांच्या एलएनजीची थंडी स्वयंपाकघराच्या शीतगृहांसाठी वापरतात. जहाजाच्या तळाला शिंपले आणि शेवाळ चिकटू नये म्हणून विषारी रंग फासण्याऐवजी पाणबुडे उतरवून तो ब्रशने घासून घेतात. कोकणात होडी उलथी करून तळ घासताना मी लहानपणी पाहिले आहे, त्यामुळे हे वाचताना मला घरचे काही वाचल्यासारखे वाटले.

त्याच लहानपणातली दुसरी एक आठवण मात्र बोचरी आहे. एका लाँचमधून आम्ही जात होतो आणि धक्का जवळ येताच खलाशाने केराचा डबा शांतपणे समुद्रात उपडा केला. बाबा त्याच्यावर रागावले. तो म्हणाला, “धक्क्यावर टाकायला जागा आहे का, साहेब?” खरोखरच नव्हती. दाभोळ-धोपावे फेरीसेवा 2003 मध्ये सुरू झाली, 2020 मध्ये भाऊचा धक्का ते मांडवा रो-रो आली, आणि रस्त्याचे कितीतरी किलोमीटर वाचवणाऱ्या या सेवांचा मला मनापासून अभिमान आहे. म्हणूनच त्यांच्याविषयी बोलताना बोटीइतकेच धक्क्याविषयीही बोलले जावे, असे मला वाटते. वायकिंग लाइनने 2025 मध्ये हेलसिंकी-टॅलिन मार्गासाठी संपूर्ण विजेवर चालणाऱ्या मोठ्या जहाजाची कल्पना जाहीर केली, तिचीही अडचण जहाजात कमी आणि धक्क्यावर जास्त आहे. तासाभराच्या मुक्कामात एवढी प्रचंड वीज देणारी तार आधी बंदरात यायला हवी.

राहता राहिला आईचा प्रश्न. तुर्कूच्या सांडपाण्याचा मार्ग काकोला नावाच्या टेकडीकडे जातो. टेकडीवर जुना तुरुंग होता, तो 2007 मध्ये बंद झाला, आणि तिच्या पोटात, खडक कोरून बांधलेला शुद्धीकरण प्रकल्प 2009 पासून संपूर्ण परिसराचे पाणी शुद्ध करतो. फॉस्फरस काढलेले ते पाणी समुद्राकडे सोडण्याआधी उष्णतापंपांतून नेले जाते, त्याच्यात उरलेली ऊब काढून घेतली जाते आणि ती शहराच्या सामायिक गरम पाण्याच्या जाळ्यात सोडली जाते. आमची इमारत त्याच जाळ्यावर आहे.

ऑक्टोबरमध्ये, आई परत जायच्या आठवड्यात, एका सकाळी घरातले रेडिएटर पहिल्यांदा गरम झाले. मी तिला टेकडीची हकिगत सांगितली. तिने आधी पालथा हात त्यावर ठेवून पाहिला, मग आपले ओले लोकरी मोजे तिथे वाळत घातले आणि मावशीला फोन लावला. पलीकडून मावशी काहीतरी विचारत असावी, कारण आई पुन्हा पुन्हा समजावत होती, “अगं, जहाजातलं. नळीनं उतरवतात. मी पाहिलंय ना, पिवळं जाकीट घातलेला माणूस होता.”