‘स्ट्रॉबेरी फील्ड्स’च्या टेकांचा तक्ता: दुसरी मांडणी

बीटल्सच्या ‘स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरएव्हर’ या गाण्याचे टेक, म्हणजे ध्वनिमुद्रणाच्या वेळच्या क्रमांकित नोंदी, क्रमाने ऐकून केलेला माझा पहिला तक्ता या आठवड्यात मोडीत काढावा लागला. ‘सार्जंट पेपर’ या त्यांच्या अल्बमच्या २०१७ च्या विस्तारित आवृत्तीत मिळणारे १, ४, ७ आणि २६ हे टेक म्हणजे चार स्वतंत्र वादने आहेत असे धरून मी रकाने आखले होते, आणि चूक तिथेच होती.

सातवा टेक हे नवे वादनच नव्हे. टेपवर चारच ट्रॅक, म्हणजे स्वतंत्र ध्वनिपट्टे, असत; ते भरल्यावर सहावा टेक कमी ट्रॅकांत उतरवून आणखी वाद्ये आणि आवाज भरायला जागा करण्यात आली, आणि त्या प्रतीला ७ हा क्रमांक मिळाला. सव्विसाव्याची वंशावळ आणखी गुंतागुंतीची आहे: पंधराव्याचा बहुतांश भाग आणि चोविसाव्याचा शेवट जोडून पंचविसावा झाला, व त्याची प्रत १५ डिसेंबर १९६६ रोजी ट्रम्पेट आणि चेलो भरताना सव्विसावी झाली. त्यामुळे नव्या तक्त्यात ‘वादन’ आणि ‘प्रत’ असे दोन निराळे रकाने केले आहेत.

२४ नोव्हेंबरचा पहिला टेक मात्र निखळ वादन आहे. त्यात ध्रुवपदाऐवजी कडव्याने सुरुवात होते. अवघ्या चार दिवसांनी, चौथ्या टेकपर्यंत, ध्रुवपद पुढे आलेले असते. तरीही पहिल्याला कच्चा खर्डा म्हणणे मला पटत नाही. त्यातला एकटेपणा पुढे कुठेच ऐकू येत नाही.

गाणे लिहिणाऱ्या आणि गाणाऱ्या जॉन लेननला सातव्याची सुरुवात आणि सव्विसाव्याचा शेवट हवा होता, पण दोहोंची लय आणि पट्टी वेगळी होती. २२ डिसेंबरला निर्माते जॉर्ज मार्टिन आणि ध्वनिमुद्रक जेफ एमरिक यांनी टेपचा वेग बदलून ते जुळवले. सांधा सुमारे एका मिनिटावर, ध्रुवपदाच्या ओळीच्या मधोमध येतो. ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या संगणक-प्रणालीत मी आधी सव्विसाव्याची केवळ लय उतरवली, तेव्हा पट्टी वरच राहिली. मग टेपप्रमाणे लय आणि पट्टी एकत्र उतरवल्यावर लेननचा आवाज तसाच जडावला, जसा प्रसिद्ध झालेल्या गाण्यात सांध्यानंतर जडावतो. बीटल्समधल्याच जॉर्ज हॅरिसनने वाजवलेल्या स्वरमंडळाचेही तेच झाले. आपले गवई मांडीवर घेऊन छेडतात तेच हे वाद्य, आणि मूळ वेगात ते कितीतरी लख्ख वाजते. ते ऐकल्यापासून प्रसिद्ध झालेल्या गाण्यातले स्वरमंडळ मला किंचित झोपेत असल्यासारखे वाटू लागले आहे.

सातव्या टेकचा एका मिनिटानंतरचा, म्हणजे प्रसिद्ध झालेल्या गाण्यात न पोहोचलेला भाग सव्विसाव्याच्या त्याच कडव्यांशेजारी ठेवून ऐकणे अजून बाकी आहे. पुढच्या आठवड्यात तेवढेच करणार आहे.