बेस पिकने वाजवताना

बेस गिटार, म्हणजे जाड तारांची खालच्या सुरांची गिटार, बोटांनीच वाजवायची, पिक (तार छेडायची छोटी चकती) हातात घेतलं की तो साधा गिटारवाला, हे मी इतक्या वेळा ऐकलंय की कित्येक वर्षं पिकला हातच लावला नव्हता. मग एका रेकॉर्डिंगला माझ्या नोट्स किक ड्रमखाली (पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमखाली) दबून जात होत्या, आवाज वाढवला तर नुसती घूं घूं, शेवटी गिटारवाल्याचं पिक मागून घेतलं आणि तीच लाईन एकदम सुटी सुटी ऐकू यायला लागली.

पण ते पिक होतं पातळ, ०.७ मिमीच्या आसपासचं. बेसची सगळ्यात जाड तार, ई, साधारण ०.१०५ इंच म्हणजे अडीच मिमीहून जाड असते, तिच्यावर पातळ पिक आधी वाकतं आणि मग सुटतं, त्यामुळे आधी टक् असा आवाज येतो आणि नोट मागून रेंगाळत येते. म्हणून माझं मत, बेसला १ मिमीच्या खाली जाऊच नका. मी १.१४ वापरते, काही जण २ किंवा ३ मिमीचं घेतात. नायलॉनचा आवाज जरा मऊ, सेल्युलॉइडचा जास्त चमकदार, आणि फेल्टचं (दाबलेल्या लोकरीचं) पिक बरंचसं बोटासारखं वाजतं पण तारांवर लवकर झिजतं.

आकारात एक गोष्ट मला फार उशिरा कळली. नेहमीच्या पिकला एक टोकदार कोपरा आणि दोन गोल खांदे असतात ना, ते फिरवून गोल खांद्याने वाजवून बघा, खटखट कमी होते आणि नोटला अंग येतं. मोठं त्रिकोणी पिक असेल तर पकडायला जागाही जास्त मिळते, जोरात वाजवताना ते बोटांत फिरत नाही.

पकडताना अंगठा आणि तर्जनीची बाजू, बाहेर फक्त तीनचार मिमी टोक. जास्त बाहेर ठेवलं तर ते तारांमध्ये अडकतं आणि मनगट कडक होतं. तारेला समांतर धरलं तर आवाज स्वच्छ येतो, थोडं तिरकं केलं की खरखर मिसळते, रॉकला ती छान वाटते.

आता खरी मेहनत, म्यूटिंग, म्हणजे नको त्या तारा गप्प ठेवणं. बोटांनी वाजवताना अंगठा जाड तारा आपोआप दाबून धरतो, पिकमध्ये तसं कोणीच नसतं, डी तारेवर वाजवताय आणि ई तार मागे गुणगुणतेय असं होतं. तळहाताची कड ब्रिजजवळ (बेसच्या बुडाशी तारा जिथे टेकतात तिथे) तारांवर हलकी टेकवायची, अगदी ब्रिजला चिकटून ठेवली तर नोट लांबते, एक बोटभर पुढे सरकवली की डुम् डुम् असा बुटका आवाज येतो, आणि अजून पुढे गेलात तर सूरच मरतो. ही जागा कानानेच शोधावी लागते, मला दोनतीन आठवडे लागले!

अमेरिकेतली स्टुडिओ बेसवादक कॅरल के मुळात गिटारिस्ट, १९६३ मध्ये एका रेकॉर्डिंग सेशनला बेसवाला आला नाही म्हणून बेस हातात घेतला, आणि पुढे इतकं काम केलं ते पिकनेच, ब्रिजजवळ तारांवर फेल्टचा तुकडा ठेवून. त्यामुळे पिकने बेसचा गाभा जातो असं कोणी म्हटलं की मला खरंच राग येतो.

सरावाला मी आधी सगळे डाऊनस्ट्रोकच (वरून खाली) वाजवते, प्रत्येक नोट सारख्या वजनाची येते का बघायला, मग अप-डाऊन. अपस्ट्रोक हमखास हलका पडतो, तेवढाच जरा दाबून. आणि त्रिकोणी पिकचा कोपरा एका बाजूने झिजून धारदार झाला की पुढच्या कोपऱ्यावर वळते, तिन्ही संपले की नवीन.