आमच्या देवघरात कोणीही झोपणार नाही, बाई!

अमेरिकेत आम्ही बांधत असलेल्या घराचा नकाशा काउंटीकडून (म्हणजे इथल्या जिल्हा प्रशासनाकडून) परत आला तो लाल शेऱ्यासकट. आम्ही दाखवलेलं देवघर त्यांनी बेडरूम म्हणून धरलं होतं. बेडरूम झाल्या ५, सेप्टिकची मंजुरी ४ बेडरूमची. म्हणजे बिल्डिंग परमिट अडलं, आणि अडलं कशावर, तर देवघरावर!

मेरीलँडच्या या ग्रामीण भागात सांडपाण्याची सार्वजनिक लाइन नाही. ज्याने त्याने आपल्या जागेत सेप्टिक टाकी बसवायची आणि पुढे पाणी मुरवायला चर खणायचे. ते केवढे, हे घरात माणसं किती यावर ठरत नाही, बेडरूम किती यावर ठरतं. आज आम्ही तिघं आहोत, उद्या घर विकलं तर येणाऱ्याचा गोतावळा मोठा असेल, असा हिशोब. त्यामुळे दार, खिडकी आणि कपड्यांच्या कपाटाला जागा असलेली खोली आमच्या काउंटीच्या आरोग्य खात्याच्या लेखी झोपायचीच खोली. नकाशावर तुम्ही तिथे अभ्यासिका लिहा, देवघर लिहा, नाहीतर गोठा लिहा.

फोनवर खात्यातल्या बाईंना मी सगळं समजावलं. त्या शांतपणे म्हणाल्या, "तुम्ही झोपणार नाही हे मला मान्य आहे. पुढचा मालकही झोपणार नाही, हे लिहून द्याल का?"

मला रागच आला. माझ्या आजोळी लग्नकार्याला ओटी, माजघर, पडवी भरून माणसं झोपायची, तीही एका संडासावर. कोणाचं काही अडलं नाही. आणि इथे एकर-सव्वा एकरात एक खोली जास्त झाली म्हणून सरकार हवालदिल! (आजोळची विहीर त्या संडासापासून किती लांब होती, हे मात्र मी बाईंना सांगितलं नाही.)

पण एक कबूल करायला हवं. हे खातं जमिनीशी जितकं प्रामाणिकपणे वागतं, तसं मी दुसरीकडे कुठे पाहिलं नाही. परमिटच्या कितीतरी आधी पर्क टेस्ट, म्हणजे जमिनीत पाणी किती वेगाने मुरतं याची परीक्षा, होते. जेसीबीने खड्डे खणतात, खात्याचा माणूस मातीचे थर बघतो, मग खड्ड्यात पाणी ओतून ते एक इंच उतरायला किती मिनिटं लागतात ते घड्याळ लावून मोजतो. आमच्याकडे ही परीक्षा साधारण फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये घेतात, कारण तेव्हा भूजल सर्वांत वर आलेलं असतं. उन्हाळ्यात कुठलीही जमीन पाणी पिऊन दाखवेल. शिवाय पहिले चर निकामी झाले तर दुसरे आणि तेही गेले तर तिसरे, एवढ्यासाठी १०,००० चौरस फूट जागा कायमची मोकळी ठेवायची. नेमका तोच आमचा सपाट, उन्हाचा तुकडा. तिथे शेड नाही, गाडीचा रस्ता नाही, झाडं नाहीत.

हे सगळं चेसापीक उपसागरासाठी. सेप्टिकमधला नायट्रोजन भूजलातून ओढ्यात आणि तिथून उपसागरात जातो. त्या उपसागराच्या शुद्धीसाठी २००४ च्या कायद्याने राज्यात एक कर आहे, लोक त्याला 'फ्लश टॅक्स' म्हणतात. आम्ही सेप्टिकवाले वर्षाला ६० डॉलर भरणार. पंचगंगेसाठी, मुळा-मुठेसाठी असा कर कोणी लावला तर आपण केवढा गदारोळ करू!

बाकीचं मुकाट्याने मान्य केलं. नव्या घरात आगीसाठी छताला स्प्रिंकलर हवेतच, हा राज्याचाच कायदा. जिन्याच्या कठड्याच्या गजांमधून ४ ३/८ इंचाचा चेंडू जाता कामा नये. शाळांसाठी, रस्त्यांसाठी वेगळं शुल्क आहे आणि ते जबर आहे. चहापाणी मात्र कोणी मागितलं नाही, हे मी पुण्याच्या दादाला जरा जास्तच उत्साहाने सांगितलं.

दादा चिडला. "कागदावर आपल्याकडे काय कमी आहे? प्रारंभ प्रमाणपत्र आहे, जोत्याची तपासणी आहे, भोगवटा प्रमाणपत्र आहे. तुझ्या काउंटीएवढी माणसं माझ्या दोन-चार वॉर्डांत राहतात. त्यांच्या बेडरूम मोजायला तुझ्या त्या बाईंना पाठव." त्याच्या सोसायटीला इतक्या वर्षांत भोगवटा मिळालेला नाही, हे माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. पण त्याच सोसायटीतल्या फ्लॅटच्या भाड्यावर माझं इथलं पहिलं वर्ष निघालं, तेव्हा गप्प बसलो.

शेवटी तोडगा बाईंनीच सुचवला. देवघराचं दार आणि कपाट काढा, जेवणघराच्या बाजूला रुंद मोकळी चौकट ठेवा, मग ती बेडरूम धरणार नाही. नकाशा दुरुस्त करून परत भरलाय. आईला बिनदाराचं देवघर अजिबात पसंत नाही. पडदा लावू, असं तिला सांगितलंय. पडदा नकाशात दाखवावा लागत नाही, हे बाईंना आधीच विचारून घेतलं.