तिसरी ओळ

काल दाताच्या डॉक्टरांकडे फॉर्म भरताना ‘सध्या चालू असलेली औषधे’ याच्या खाली तीन ओळी होत्या. पहिलीवर बीपीची गोळी लिहिली, दुसरीवर कोलेस्टेरॉलची. तिसरीवर पेन टेकवलं आणि उचललं. टिंब तेवढं उमटलं.

रात्रभर ते टिंब डोळ्यांसमोर.

चोरी कसली होती त्यात? गोळी डॉक्टरांनीच लिहून दिलेली, तीही ईसीजी काढून, साखर तपासून. तिथल्या रक्तवाहिन्या हृदयाच्या रक्तवाहिन्यांहून बारीक, म्हणून बिघाड कधी कधी आधी तिथे दिसतो, असं म्हणाले होते. तेव्हा हायसं वाटलं, दोष माझा नाही, वाहिनीचा! (वाहिनी कुणाची, हे कुणी विचारलं नाही म्हणून बरं.)

बीपी आहे हे माणूस चारचौघांत जवळजवळ मिरवून सांगतो. हिचं नाव घ्यायचं तर घसा कोरडा. एवढी वर्षं सगळ्यांचं सगळं निस्तरलं, आणि आता एका ओळीत स्वतःचं काही लिहिता येऊ नये? जाऊ दे.

जाऊ दे कसं, दादाचं आठवलं आणि उठूनच बसलो. त्याच्या छातीत कळ आली, जिभेखाली नायट्रेटची गोळी ठेवली, थोड्या वेळात बरं वाटलं. त्याच्या जागी मी असतो तर? सिल्डेनाफिल, म्हणजे माझी ती तिसरी, ताठरतेसाठीची गोळी (व्हायग्रात असतं तेच औषध), घेतल्यावर 24 तासांच्या आत नायट्रेट पोटात गेलं तर रक्तदाब धाडकन कोसळतो, जिवावर बेतू शकतं. त्याच जातीचं टाडालाफिल असेल तर 48 तास. समोरचा डॉक्टर विचारणार, ‘काही घेतलंय का?’ आणि मी बीपी, कोलेस्टेरॉल एवढं सांगून गप्प. लाजेनं मेलो असं आपण उगाच म्हणतो. हे तर खरंच तसं झालं असतं.

गंमत म्हणजे हे औषध आधी छातीतल्या कळेसाठीच तपासत होते. तिथे फारसं लागू पडलं नाही, भलतीकडे पडलं, आणि 1998 मध्ये अमेरिकेत त्याला त्याच कामासाठी मान्यता मिळाली. आता कळेच्या औषधाशीच त्याचं वाकडं. निव्वळ भाऊबंदकी.

पहिल्या वेळी भरपेट, तुपकट जेवून घेतली होती. तासभर काहीच नाही. दुसरी घ्यायला निघालो तर बायकोने स्ट्रिपच हातातून काढून घेतली. ‘दिवसाला एक म्हणजे एक. आणि नुसती गोळी गिळून घड्याळाकडे बघत बसलास तर काय होणार आहे?’ पुढचं इथे नको.

तिला टिंबाचं सांगितलं नाही. तिने विचारलंही नाही. विचारायला हवं होतं का, कोण जाणे.

सकाळी दवाखान्यात फोन लावला. म्हटलं, फॉर्ममध्ये एक औषध राहिलंय. आवाज फाटेल असं वाटलं, फाटला नाही. नाव सांगितलं. तिकडून ती मुलगी टाइप करत होती, मध्येच कुणाला तरी ‘बसा हं’ म्हणाली.

‘किती एमजी?’

‘पन्नास.’

‘रोज?’

‘नाही नाही. लागेल तेव्हा.’

‘शेवटची कधी घेतली?’

नावाला एवढा घाबरलो होतो, आणि अडलो इथे. ‘एक मिनिट हं,’ म्हणालो आणि कॅलेंडरची पानं मागे उलटायला लागलो.